अडीच मीटर द्या: शाळेच्या कुर्त्यांसाठी घेतलेल्या कापडाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची आहे. त्यांना विचारूनच लिहून राहिले, नाव, शाळा, गल्ली काही सांगत नाही, ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात, पण मापं, मीटर आणि पैसे जसे होते तसेच ठेवलेत कारण सगळी गंमत आणि सगळा त्रास तिथेच होता.

वहिनी प्राथमिक शाळेत शिकवतात, पहिलीचा वर्ग. वीसेक वर्षं रोज साडी. यंदा शाळेने सांगितलं की पुढच्या वर्षीपासून कुर्ता-पॅन्ट चालेल, ओढणी हवी. वहिनींना इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी लगेच माझ्याकडे आल्या. लग्नाआधी त्यांनी शिवणक्लास केलेला, घरी पायमशीनला मोटर बसवलेली आहे, पण इतक्या वर्षांत त्यावर फॉल, उशीचे अभ्रे आणि पोरीचे फ्रॉक यापलीकडे काही झालं नव्हतं. त्यांनी ठरवलं सात कुर्ते स्वतः शिवायचे, बजेट ६००० रुपये, आणि वेळ मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून शाळा उघडेपर्यंत. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे सहा आठवडे हातात होते.

रेडिमेड का नाही हे पण सांगते, कारण लोक हे पहिले विचारतात. वहिनींची छाती ४०, हिप ४४, खांदे मात्र लहान. रेडिमेडमध्ये छाती बसली की खांदा उतरतो, खांदा बसला की हिपवर ताणतो. आणि टेलरकडे द्यायचं तर आमच्या भागात साध्या कुर्त्याची शिलाई ३५० ते ५००, सात कुर्त्यांची शिलाईच अडीच-साडेतीन हजार. म्हणजे घरी शिवायचा विचार बरोबरच होता, अजूनही मला तसंच वाटतं.

अडचण कुठे झाली

वहिनी एकट्याच गांधीबागला गेल्या. गांधीबाग म्हणजे आपल्या नागपूरचं कापडाचं ठोक मार्केट, एका लाइनीत इतकी दुकानं की चौथ्या दुकानात पहिल्यात काय पाहिलं ते आठवत नाही. तिथे त्यांनी दोन तासात पाच कापडं घेतली आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हटलं, "भैया, ढाई मीटर दे दो."

हे अडीच मीटर कुठून आलं? त्यांच्या आईपासून. ड्रेसचा कपडा अडीच मीटर, असं आपण सगळ्याच लहानपणापासून ऐकत आलो. आणि ते खोटं नाही, पण ते ४४ पन्ह्याच्या, म्हणजे ४४ इंच रुंदीच्या कापडासाठी खरं आहे, आणि पन्हा किती हे वहिनींनी एकाही दुकानात विचारलं नाही.

घेतलेला माल असा होता. फुलांचं रेयॉन, १४० रुपये मीटर. अजरख प्रिंटचं मरून कॉटन, २४०. राखाडी हातमागाचं कापड, ३२०. मोहरीच्या रंगाचं कॉटन-लिनन, ३००. आणि "चंदेरी सिल्क" म्हणून दिलेलं हिरवं कापड, ३८०. प्रत्येकी अडीच मीटर. बेरीज ३४५०.

घरी आल्यावर उत्साहात त्याच रात्री रेयॉन कापलं, न धुता. दोन दिवसात कुर्ता शिवून झाला, मला दाखवायला आल्या, खरंच छान दिसत होता. मग तो पहिल्यांदा धुतला आणि ४२ इंच लांबीचा कुर्ता ४० वर आला, छातीत पण सव्वा इंच गेला. रेयॉन पाण्यात आटतं, त्यातून ओलं असताना ते कमजोर असतं आणि पिळलं की वाकडं होतं, त्यामुळे साइडची शिवण पण पुढे फिरली होती. वहिनी तो कुर्ता हातात घेऊन माझ्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता बाकीच्यांना हात लावायची भीती वाटून राहिली."

पर्याय काय होते

वहिनींच्या मनात पहिला विचार होता की लगेच परत मार्केटला जाऊन रेयॉनच्या बदल्यात दुसरं काहीतरी आणायचं. मी त्याला ठाम नाही म्हटलं. नुकसान झाल्यावर खरेदी केली की आपण नुकसान भरून काढायला घेतो, घालायला घेत नाही. त्यांना म्हटलं एक आठवडा बाजार बंद. हा या प्रकरणातला पहिला निर्णय आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

परत करायचा प्रश्नच नव्हता, मीटरवर कापलेलं कापड कोणी परत घेत नाही आणि त्यात दुकानदाराची चूक पण नाही. दुसरा पर्याय उरलेली चारही कापडं टेलरला देणं. ते सेफ वाटत होतं, पण अडचण शिवण्याची नव्हतीच, वहिनींची शिवण सरळ आणि पक्की आहे. अडचण कापड आणि कपडा यांची जोडी लावण्यात होती, आणि ती टेलर लावून देत नाही, तुम्ही जे म्हणाल ते तो शिवून देतो. तिसरा पर्याय होता की कापडं नातेवाईकांत वाटून टाकायची आणि दोन-तीन रेडिमेड घेऊन त्यांना अल्टर करायचं. हा मी गंभीरपणे सुचवला होता कारण जून काही थांबणार नव्हता. वहिनींनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं होतं, "वीस वर्षं मशीन धूळ खात पडली, यावेळी सोडलं तर मग कधीच नाही."

मग उरला तो पर्याय: आहे त्या मालाची मोजदाद, कागदावर प्लॅन, आणि जेवढं कमी पडतं तेवढंच नंतर आणायचं.

काय केलं: आधी धुणं, मग मोजणं

चारही कापडं रात्रभर साध्या पाण्यात भिजवली, वेगवेगळ्या बादलीत. अजरखचं पाणी लाल झालं. मीठ टाका, तुरटी टाका असं सगळे सांगतात. माझा अनुभव असा की जास्तीचा रंग निघून जाईपर्यंत गार पाण्यात परत परत खळबळणं हेच कामाचं, चौथ्या पाण्याला ते स्वच्छ आलं. मग पांढरा ओला रुमाल घासून पाहिला, रुमालाला रंग लागला नाही, तेव्हाच पास केलं. न पिळता सावलीत वाळवलं, इस्त्री केली आणि परत मोजलं.

अडीच मीटर म्हणजे ९८ इंच. हातमागाचं ९५ वर आलं, पन्हा ३६ चा ३५ झाला. अजरख ९५, पन्हा ४४ चा ४३. कॉटन-लिनन ९४, पन्हा ५८ चा ५७. म्हणजे लांबीत साधारण तीन-चार टक्के सगळीकडे गेलं, कॉटनमध्ये एवढं जातंच. हेच कापून शिवून मग धुतलं असतं तर हे तिन्ही कुर्ते रेयॉनच्या वाटेने गेले असते.

हिरव्या चंदेरीवर मला शंका होती, हाताला ते फार घसरतं आणि थंड नाही लागत. काठावरून उभा एक आणि आडवा एक असे दोन धागे काढले, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहिले. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. कॉटन कागदासारखं जळतं, मऊ राखाडी राख राहते. यातले दोन्ही धागे वितळले आणि कडक काळा मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर. वहिनींना खूप वाईट वाटलं, ९५० रुपयांचा तुकडा होता तो, सगळ्यात महागाचा. नागपूरच्या उन्हात पॉलिएस्टर आणि वरून पारदर्शक म्हणून खाली अस्तर, असा कुर्ता घालून चाळीस पोरांच्या वर्गात उभं राहणं शक्य नाही. तो तुकडा बाजूला ठेवला.

कागदावरचा प्लॅन

इथे आम्ही कापडाकडे पाहणं बंद केलं आणि वहिनींच्या दिवसाकडे पाहिलं. पहिलीच्या वर्गात बाई खुर्चीवर कमी आणि सतरंजीवर जास्त असतात, वाकतात, उकिडव्या बसतात, फळ्यावर हात वर करून लिहितात. म्हणजे घेर हवा, स्लिट फार वर नको, मुंढा, म्हणजे बगलेचा घेर, मोकळा हवा, आणि खिसा पाहिजेच, खडू आणि फोनसाठी. खिशाचा विचार त्यांनी केलाच नव्हता, रेडिमेडमध्ये सहसा नसतो म्हणून आपल्याला तो मागायची सवयच राहिली नाही.

आणि मग लक्षात आलं की सात कुर्त्यांच्या प्लॅनमध्ये पॅन्ट एकही नाही! कापड घेताना आपण वरचाच विचार करतो, कारण डिझाइन तिथे असतं. सहा हजारातले ३४५० गेलेले आणि खाली घालायला शून्य.

म्हणून आकडा बदलला. सातऐवजी पाच कुर्ते, दोन पॅन्ट. आठवड्यात शाळा सहा दिवस, त्यातला शनिवार अर्धा, मधे एकदा धुणं होतंच, पाचात निभतं. पॅन्टसाठी मी ऑफव्हाइट सुचवला, सगळ्यावर जातो म्हणून, तर वहिनी म्हणाल्या, "ताई, मी पोट्ट्यांसोबत सतरंजीवर बसते, ऑफव्हाइट दुपारपर्यंत मातीचा होईल." बरोबर होतं ते. गडद निळी आणि खाकी ठरली.

पन्ह्याचं गणित

हे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना मी आता हेच पहिल्या दिवशी करायला लावते.

वहिनींचा कुर्ता: लांबी ४२, त्यात खालची दुमड, खांद्याची शिवण आणि कापताना हात चुकण्याची थोडी जागा धरून ४६ इंच कापड. रुंदीला हिप ४४ चा अर्धा २२, ढिलाई तीन इंच, दोन्ही बाजूच्या शिवणीचे दोन, खालच्या घेराचा एक, झाले २८. म्हणजे पुढचा भाग ४६ बाय २८ आणि मागचा तेवढाच. बाही पाऊण, १९ इंच लांब आणि शिवणीसकट १५ रुंद.

आता पन्हा ४३-४४ असेल तर २८ चा भाग टाकून बाजूला १५-१६ इंच उरतात, त्यात बरोबर एक बाही. दोन लांब्या घेतल्या की पुढचा-मागचा आणि दोन्ही बाह्या निघतात, ९२ इंच. आईचं अडीच मीटर हे इथून येतं.

पन्हा ५८ असेल तर पुढचा आणि मागचा शेजारी शेजारी बसतात, ५६ इंच. मग ४६ अधिक बाहीचे १९, फक्त ६५ इंच. पावणेदोन मीटरमध्ये कुर्ता. कॉटन-लिननमधून वहिनींकडे २९ इंच बाय पूर्ण पन्हा एवढा तुकडा उरणार होता, पाऊण मीटर उगाच घेतलेलं.

आणि पन्हा ३५-३६ असेल तर २८ च्या बाजूला सात-आठ इंचाची पट्टीच उरते, बाही बसत नाही. दोन लांब्या ९२, वरून बाह्यांचे १९, एकूण १११ इंच. ९५ हातात. सोळा इंच कमी.

हातमागाच्या तुकड्याचा निर्णय

यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली, कूलर चालू, जमिनीवर कापड पसरलेलं. वहिनींचं ते सगळ्यात आवडतं कापड होतं.

एक सोपा उपाय म्हणजे बाह्या दुसऱ्या कापडाच्या लावणे, मोहरीचा पाऊण मीटर होताच. वहिनींना ते पटेना, "कमी पडलं म्हणून जोडलं असं दिसते." दुसरा उपाय म्हणजे बिनबाह्यांचा, शाळेत चालत नाही. तिसरा, लांबी कमी करून शॉर्ट कुर्ता, तो त्यांना नको होता.

मग मला जुन्या कळीदार कुर्त्याची आठवण झाली. आधी हातमागावर कापड अरुंदच निघायचं, म्हणून कुर्ता असा बेतायचे की मधला पट्टा सरळ आणि बाजूला तिरप्या कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असे तुकडे. त्यात तुकडा वाया जात नाही, कारण दोन कळ्या एकमेकींना उलट्या ठेवून एकाच चौकोनातून निघतात. आम्ही कागदी तुकडे कापून ते कापडावर मांडून पाहिले. ३५ च्या पन्ह्यात साडेसतरा-साडेसतराचे दोन मधले पट्टे, पुढचा आणि मागचा, एकाच ४६ इंचात. पुढच्या ३७ इंचात चार कळ्या, वर साडेतीन इंच आणि खाली आठ, बगलेपासून खालपर्यंत, आणि बाजूला १२ इंचाची पट्टी उरली. झाले ८३. उरले १२ इंच, त्यात दोन बाह्या कोपराच्या वरपर्यंत, आणि त्या १२ च्या पट्टीतून बाह्यांना खाली रुंद पट्टी लावून कोपरापर्यंत लांबी. छातीत हिशोब केला, मधला साडेसोळा अधिक दोन कळ्यांचे पाच, साडेएकवीस, म्हणजे पूर्ण घेर ४३, छाती ४० ला तीन इंच ढिलाई. बसत होतं!

धोका हा होता की कळ्या जोडायला चार लांब शिवणी जास्त, आणि तिरपी कड मशीनवर ताणली की लांब होते. म्हणून वहिनींनी आधी जुन्या चादरीचा कच्चा कुर्ता शिवून पाहिला. तिरपी कड खाली आणि सरळ कड वर ठेवून, न ओढता. पहिल्या कळीला लाटा आल्या, उसवली, दुसऱ्यांदा जमली. चादर कामाला आली म्हणायची.

दुसरी खेप

गांधीबागला परत गेलो ते नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुसरा दिवस मिळतच नव्हता. सकाळी साडेदहाला दुपट्टा बांधून, पिशवीत कांदा आणि पाण्याची बाटली, सीताबर्डीहून मेट्रोने अग्रसेन चौकात उतरलो आणि बाराच्या आत बाहेर पडायचं असं ठरवून गेलो. हातात यादी, टेप, आणि घरच्या चारही कापडांचे दोन-दोन इंचाचे तुकडे एका कागदाला पिन करून.

यादी एवढीच: पॅन्टचं गडद निळं आणि खाकी, दोन कुर्त्यांची कॉटनं, खिशाला आणि गळ्याच्या आतून लावायला मलमल. वहिनींनी पहिल्याच दुकानात विचारलं, "भैया, पन्हा कितना है?" आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या की त्यांचे सासरे कापडाला हात लावायच्या आधी हेच विचारायचे. ते एम्प्रेस मिलमध्ये होते, जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली आपली नागपूरची मिल. घरात चादर आली तरी ते आधी आडवी मोजायचे, आणि सगळे त्यांना म्हणायचे काऊन उगाच मोजत बसता.

एका ठिकाणी आम्ही दोघीही डगमगलो. भंडाऱ्याकडचा कोसा होता, मधाच्या रंगाचा, हातात घेतला की ठेववत नाही. दुकानदाराने स्वतःच धागा जाळून दाखवला, केसांचा वास, चुरणारी राख, माल खरा होता. पण यादीत नव्हता आणि एका कुर्त्याचेच उरलेले सगळे पैसे गेले असते. वहिनींनी तो परत ठेवला. मी असते तर घेतला असता बहुतेक, खरं सांगते.

रंग मात्र प्रत्येक वेळी दुकानाच्या दारात नेऊन पाहिला. ट्यूबलाइटखाली जे गडद निळं दिसत होतं त्यातलं एक उन्हात जांभळं निघालं.

घेतलं ते असं: पॅन्टचं ४४ पन्ह्याचं कॉटन पाच मीटर, १३० प्रमाणे ६५०. उभ्या पट्ट्यांचं कॉटन ४४ पन्हा, पट्ट्या जुळवायच्या म्हणून पावणेतीन मीटर, ४९५. फिकट निळं ५८ पन्ह्याचं दोन मीटर, ४४०. मलमल दोन मीटर १४०. धागे, गळ्याच्या पट्टीला कडकपणासाठी लावायचं फ्युजिंग, बटणं आणि सुया २६५. एकूण १९९०. जुने ३४५० धरून ५४४०, म्हणजे ५६० रुपये उरले.

निकाल

शाळेच्या पहिल्या दिवशी चार कुर्ते आणि दोन्ही पॅन्ट तयार होत्या. मोहरी, मरून, राखाडी कळीदार, फिकट निळा. पट्ट्यांचा जुलैच्या मध्यावर झाला. सगळ्यांना उजव्या बाजूला शिवणीत खिसा.

कळीदार कुर्ता सगळ्यात सुंदर झाला. बसताना तो पसरतो, उठताना पायात येत नाही, आणि बाहीची पट्टी मुद्दाम डिझाइन केल्यासारखी दिसते. शाळेतल्या दोन बाईंनी कुठून घेतला म्हणून विचारलं. ज्या कापडाला आम्ही फसलेलं म्हणत होतो तेच.

रेयॉनचा कुर्ता वहिनींच्या लेकीला दिला, ती छातीत ३६ आहे, खालून कापून शॉर्ट टॉप केला, ती कॉलेजला घालते. आणि हिरव्या पॉलिएस्टर चंदेरीचं काय केलं? ओढणी. चारही बाजूंनी पिको केला की ४४ पन्हा, अडीच मीटर, ओढणीचं तेच तर माप असतं. पाच कुर्त्यांपैकी तीनवर ती जाते, अंगाला चिकटत नाही, इस्त्री लागत नाही. ९५० ची ओढणी महागच पडली, पण ती रोज वापरात आहे.

जे बिघडलं ते पण लिहिते. मोहरी आणि मरून या दोन्ही कुर्त्यांचा खांदा अर्धा इंच बाहेर उतरतो. ही माझी चूक. मी माझा फर्मा, म्हणजे कापायचा कागदी नमुना दिला, त्यात तीरा, म्हणजे खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी, १५ होता, वहिनींचा १४ आहे. त्यांचे खांदे लहान आहेत हेच तर त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी छाती-हिपच्या नादात तीरा मोजलाच नाही. चादरीचा कच्चा कुर्ता पण फक्त कळ्यांसाठी घातला, खांद्याकडे कोणी पाहिलं नाही. तिसऱ्या कुर्त्याला लक्षात आलं.

फिकट निळ्यावर गळ्याजवळ बारीक भोकं पडली आहेत, मशीनला जुनी १६ नंबरची सुई तशीच होती. पातळ कॉटनला ११ ची पाहिजे होती, आणि ती नवीन आणलेल्या सुयांच्या पाकिटातच होती, लावायची राहिली. पट्ट्यांच्या कुर्त्यात समोर मधोमध पट्टी छान आली पण मागे एक पट्टी डावीकडे सरकलेली आहे, कारण कापताना कापड दुहेरी घडीत होतं आणि खालचा थर थोडा हलला.

आता केलं तर काय वेगळं करू

सगळ्यात आधी घरातला नीट बसणारा एक जुना कुर्ता शोधून त्यावरून खाका काढीन, दुसऱ्याचा फर्मा घेणार नाही. वहिनींकडे असा एक होता, बहिणीने दिलेला, हे मला ऑगस्टमध्ये कळलं.

पट्ट्या आणि चौकडी एकेरी कापडावर कापीन, वेळ दुप्पट लागला तरी.

पहिली खरेदी एकाच कापडाची ठेवीन. एक कुर्ता पूर्ण शिवून, दोनदा धुऊन, एक दिवस घालून मग बाकीचं. वहिनी यावर सहमत नाहीत, त्यांचं म्हणणं आहे की पाच कापडं घरात पडली होती म्हणूनच त्या मागे हटल्या नाहीत, एकच असतं तर रेयॉन आटल्यावर मशीन परत झाकून ठेवली असती. यात तथ्य आहे. मला अजून ठरवता आलेलं नाही की शिकणाऱ्या बाईला मी कोणता सल्ला देऊ, माणूस पाहून द्यावा लागेल.

आणि पॅन्ट आधी. पॅन्ट दोन ठरल्या की वरचे रंग आपोआप आटोक्यात येतात.

गणपतीच्या आधी वहिनी एकट्याच गांधीबागला गेल्या होत्या, तिथून फोन आला. "ताई, छान कापड आहे पण भैया पन्हा ५४ म्हणून राहिला, माझे ५६ बसत नाहीत." मी सांगणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, धुतल्यावर ५३ धरते, दोन्ही भाग साडेसव्वीसचे कापते, घेर थोडा कमी होईल तर स्लिट दोन इंच वर घेते. मग फोन तसाच चालू ठेवून दुकानदाराला म्हणाल्या, "पौने दो मीटर दे दो."